कुंडीतील झाडाची भूक

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

घरात ठेवलेले झाड पिवळे पडू लागले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "याला कोणते खत घालावे?" खतांच्या दुकानातही याच प्रश्नाची उत्तरे रंगीत पुड्यांत आणि बाटल्यांत भरून ठेवलेली असतात. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता असे ध्यानात येते, की पुष्कळदा झाडाला भूक लागलेलीच नसते. त्याचे दुखणे निराळे असते आणि आपण मात्र त्याला आग्रह करकरून वाढीत असतो.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा क्रमिक पुस्तकातील संबंध दहावीलाच संपला. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी या लेखात सूक्ष्मदर्शकाची अपेक्षा ठेवू नये. मात्र माझे मामा पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या बाजूला एका रोपवाटिकेत बरीच वर्षे रोजंदारीवर काम करतात, आणि माझी आई शहरात चार घरी धुणेभांडी करते. त्या चारांपैकी तीन घरी कुंड्यांना पाणी घालण्याचे कामही तिच्याकडेच आहे. म्हणजे रोप कुंडीत बसविणारे आणि पुढे ते जगविणारे असे दोघेही आमच्याच घरात आहेत. त्यांच्याकडून ऐकलेले, आणि नंतर ग्रंथालयातील पुस्तकांशी ताडून पाहिलेले, असे येथे मांडीत आहे.

प्रथम भुकेचाच विचार करू. झाड माती खाऊन वाढते ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकात व्हॅन हेलमाँट या फ्लेमिश शास्त्रज्ञाने ती तपासून पाहण्यासाठी जो प्रयोग केला तो, गंमत म्हणजे, कुंडीतलाच होता. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे केवळ पाणी घातले. अखेरीस झाड १६९ पौंडांच्या वर भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी सुमारे २ औंस घटली होती. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड केवळ पाण्याचे बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता. झाड आपला बहुतेक देह हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून, उजेडाच्या बळावर घडविते, हे पुढे समजले. आणि ते दोन औंसही फुकट गेलेले नव्हते. नत्र, स्फुरद, पालाश, लोह, मॅग्नेशियम असे जे काही झाडाने मातीतून उचलले असेल, ते त्या दोन औंसांत आले.

यावरून खताची जागा कळते. झाडाचे जेवण म्हणजे उजेड. खत हे त्या जेवणातले मीठ. मिठावाचून जेवण जात नाही हे खरे, पण ताट रिकामे असताना मीठ वाढून उपयोग काय?

घरातील बहुतेक आजारी कुंड्यांचे ताटच रिकामे असते. आपला डोळा या बाबतीत आपल्याला फसवितो. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स इतका उजेड असतो. खिडकीलगत, ऊन आत येत नसेल तर, तो हजार-दोन हजारांवर येतो, आणि खोलीच्या आतल्या भिंतीपाशी काहीशेवर. आपल्याला तेथे वर्तमानपत्र सहज वाचता येते म्हणून ती जागा आपण उजेडाची समजतो. झाडाच्या हिशेबी ती जवळजवळ रात्र असते.

मग काही झाडे दिवाणखान्यात टिकतात ती कशी? त्यांचे मूळ गाव पाहिले म्हणजे उलगडा होतो, आणि येथे भूगोलाच्या विद्यार्थ्याला थोडा अधिकार आहे. आपण जिला मनी प्लँट म्हणतो ती वेल प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची. स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेचे, झेडझेड पूर्व आफ्रिकेचे, सिंगोनियम आणि डिफेनबाखिया उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. रबराचे घरगुती झाड तर आपल्याच ईशान्य भारतातले. यांतील कित्येक झाडे मोठ्या वृक्षांच्या सावलीत, थोडक्या उजेडात दिवस काढण्यास शिकलेली आहेत. (डिफेनबाखियाचा चीक तोंडात गेल्यास आग होते व सूज येते, लहान मूल रांगत असेल त्या घरी ते नको.) मात्र दिवस काढणे निराळे आणि वाढणे निराळे. कमी उजेडात झाड कमी अन्न बनविते, कमी पाणी ओढते आणि कमी खत मागते. गॅलरीत चार दिवसांत सुकणारी कुंडी आतल्या खोलीत बारा-पंधरा दिवस ओली राहते. झाड तेच, कुंडी तीच. जागा बदलली की पाण्याचे सगळे गणित बदलते.

तुळस या पंक्तीत बसत नाही. ती उन्हाची आहे. जुन्या वाड्यांतील वृंदावन अंगणाच्या मध्यभागी असे, त्यावर दिवसभर ऊन येई, आणि तांब्याभर पाणी ओतले तरी ते खालच्या जमिनीत मुरून जाई. आता सदनिकेत तळाला भोक नसलेले प्लॅस्टिकचे वृंदावन, तेही कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, आणि वर रोजचा तांब्या. दर काही महिन्यांनी नवी तुळस आणावी लागते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना उगाच त्यात अपशकुन दिसतो. पूजेचे पाणी तांब्याऐवजी पळीने वाहिले, वृंदावनाला भोक पाडून घेतले, मंजिऱ्या वेळेवर खुडल्या आणि कुंडी उन्हाच्या कठड्यावर नेली, तर श्रद्धेलाही बाध येत नाही आणि तुळसही जगते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी एक घडलेली हकिकत सांगणे भाग आहे.

आई काम करते त्यांपैकी एका घरी दिवाणखान्यात अरेका पामची मोठी कुंडी होती. कुंडी पांढरी, चकचकीत, आणि तळाला भोक नसलेली. "रोज एक तांब्या पाणी" ही त्या घरची सूचना. पावसाळ्यात आईने दोन वेळा सांगून पाहिले, "ताई, कुंडीला वास येतोय." त्यावर सुगंधी उदबत्ती लागली. पुढे पाने माना टाकू लागली तेव्हा पाणी कमी पडते असे ठरले. तांब्याचे दोन तांबे झाले आणि दुकानातून खताची पुडीही आली. गणपती बसायच्या सुमारास पाम संपूर्ण वाळला. "तुझं लक्षच नसतं," असे आईला ऐकावे लागले आणि त्या महिन्याच्या पगारातून तीनशे रुपये कापले गेले. आईने वाद घातला नाही. घरी आल्यावर तिने मला एवढेच विचारले, "अगं, पाणी जास्त झालं तर झाड सुकतं कसं? सुकणं तर तहानेनं होतं ना?"

मला उत्तर आले नाही. महाविद्यालयात जाणारी घरातील पहिली मुलगी म्हणून माझ्याकडे असे प्रश्न नेहमी येतात. वीजबिल, शिधापत्रिका, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, सगळे माझ्याकडे. त्या सगळ्यांपेक्षा हा प्रश्न अवघड होता, आणि त्याच्याच मागे लागून हे टिपण तयार झाले.

उत्तर असे. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते, त्या हवेतील प्राणवायूवर मुळे काम करतात. त्या सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या आणि तशाच भरून राहिल्या, की मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक जीव वाढतात आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी काठोकाठ असते आणि पानांपर्यंत थेंबही पोहोचत नाही. झाड खरोखरच तहानेने मरते, पण पाण्यात उभे राहून. आईचे म्हणणे बरोबर होते, आणि त्या ताईंना जे दिसले तेही दिसण्यापुरते खोटे नव्हते. तहान आणि बुडणे या दोहोंची खूण पानांवर एकच उमटते. फरक कळतो तो माती चाचपून. माती कोरडी आणि पाने मलूल, तर पाणी घालावे. माती ओली आणि पाने मलूल, तर पाण्याला हातही लावू नये. झाड बाहेर काढून मुळे पाहावी.

भोक असले म्हणजे सगळे पाणी निघून जाते, अशीही समजूत आहे. तीही खरी नाही. आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी मला हे भांडी घासण्याच्या स्पंजावर दाखविले. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला; ठिबकणे थांबले. मग तोच स्पंज उभा केला, तर आणखी बरेच पाणी गळाले. पोकळ्यांतील ओढीमुळे तळाशी काही उंचीपर्यंत पाणी अडून राहते. स्पंज आडवा असता तो जवळजवळ सगळाच त्या उंचीत येतो. उभा केला की फक्त खालचा थोडा भाग ओला राहतो. कुंडीचेही असेच. उथळ पसरट कुंडीत ओला थर मुळांच्या अगदी जवळ येतो, उंच कुंडीत तो खाली राहतो. आपण निचऱ्यासाठी तळाशी खडीचा जाड थर घालतो, त्याने तर उलटच होते. बारीक मातीतील पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच थबकते; म्हणजे चिखलाचा थर उचलून मुळांच्या अधिक जवळ आणल्यासारखे होते. भोकावर माती वाहू नये म्हणून एक खापरी वा जाळीचा तुकडा ठेवावा, एवढे पुरे. मामांनाही हे प्रथम पटले नाही. "आम्ही काय येडे व्हतो काय इतकी वर्सं?" असे म्हणून त्यांनी स्पंज स्वतः उभा-आडवा करून पाहिला, आणि मग काही न बोलता तो मला परत दिला.

मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथे आपल्या प्रदेशाचा खास संबंध आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती, जिला आपण भूगोलात रेगूर म्हणतो, ती कापसाला आणि ज्वारीला उत्तम. तीत फार बारीक चिकणकण असतात. ते पाण्याने फुगतात आणि सुकले की आकसतात. शेतात तिला खोली असते, ऊन असते, उन्हाळ्यात भेगा पडून तिच्यात हवा खेळते. कुंडीत हीच माती भरली तर ओली असताना ती लोण्यासारखी घट्ट बसते आणि सुकली की कुंडीच्या कडा सोडून मध्ये गोळा होते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. ताटलीत पाणी दिसते म्हणून आपले समाधान होते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. गावाकडून आणलेली "आपल्या शेतातली चांगली माती" घरातल्या कुंडीत का जमत नाही याचे हे कारण. चांगली माती आणि कुंडीची माती या दोन निराळ्या वस्तू आहेत.

मामा घरात ठेवावयाच्या झाडांसाठी जे मिश्रण करतात त्याचे प्रमाण असे : एक घमेले लाल माती, एक घमेले कोकोपीट, अर्धे घमेले चाळलेले गांडूळखत, अर्धे घमेले जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातील भुसा. त्याची वीट पाण्यात फुगवून, दोनदा धुऊन, पिळून घ्यावी लागते, कारण त्यात क्षार असतात. स्नेक प्लँट आणि झेडझेड यांना वाळूचा भाग वाढवावा. शेणखत वापरावयाचे तर पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणखताने कुंडी तापते, वास येतो आणि चिलटे होतात.

कुंडी केव्हा बदलावी? भोकातून मुळे बाहेर डोकावू लागली, पाणी घातल्याबरोबर खाली येऊ लागले, चांगल्या उजेडातही नवे पान येईनासे झाले किंवा येते ते मागच्याहून लहान, तर कुंडी लहान झाली असे समजावे. रोपवाटिकेतून आणलेले झाड मात्र आणल्या दिवशीच उपटू नये. ते हिरव्या जाळीच्या सावलीत, दमट हवेत वाढलेले असते. आठ-पंधरा दिवस त्याला नव्या जागेची सवय होऊ द्यावी. आपल्याकडे या कामाला पावसाळ्याची सुरुवात सर्वांत चांगली. फेब्रुवारी महिनाही चालतो. ऐन मे महिना आणि कडाक्याची थंडी टाळावी. अपवाद एकच : मुळे कुजत असतील तर पंचांग पाहत बसू नये, त्याच दिवशी काम करावे.

कृती अशी. कुंडी लहान झाल्यामुळे बदलावयाची असेल तर आदल्या दिवशी पाणी घालावे. कुजकी असेल तर घालू नये. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करावी आणि काठ ओट्यावर हलकेच आपटावा. खोड धरून ओढू नये. मातीचा गोळा बाहेर आला की मुळे पाहावी. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट रंगाचे आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी, बुळबुळीत असते. चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून हाती येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. वास तर चुकत नाहीच. अशी सर्व मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने, टणक भाग लागेपर्यंत कापून टाकावी. मुळे निरोगी असून नुसती गोल गोल गुंडाळली गेली असतील, तर बोटांनी सोडवावी. फारच घट्ट असतील तर गोळ्याला तीन-चार ठिकाणी उभ्या चिरा द्याव्या. गोळ्याच्या मध्यभागी जाळीची छोटी पिशवी आढळली तर ती कापून काढावी. रोप लहान असताना ती त्यात वाढविलेले असते आणि पुढे तिचाच गळफास होतो.

नवी कुंडी किती मोठी घ्यावी, याबाबत हौशी लोक फार उदार असतात. एकदाच मोठी घेतली की कटकट मिटली, असा विचार असतो. पण मुळे जेथे पोहोचलेली नाहीत तेथील माती ओलीच राहते. जुन्या गोळ्याभोवती दीड-दोन बोटे जागा राहील एवढीच कुंडी घ्यावी. ज्या झाडाची निम्मी मुळे कापावी लागली त्याला तर पूर्वीपेक्षा लहान कुंडी द्यावी, आणि थोडी पानेही कमी करावी. उरलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागविता येणार नाही. झाड पूर्वी जेवढे खोल होते तेवढेच बसवावे. माती अंगठ्यांनी ठासू नये. कुंडी दोनदा आपटली की ती आपोआप बसते. मग भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे आणि आठवडाभर कडक ऊन व वारा यांपासून दूर ठेवावे.

आणि खत? महिनाभर अजिबात नको. या मुद्द्यावर मामांचे शब्दच देते : "तापातनं उठलेल्या माणसाला कोन बासुंदी पाजतं का? पेज द्यायची, पेज." शास्त्रीय कारणही सोपे आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक घरी माहीत आहे. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढते. खत हेही एक प्रकारचे मीठच. मुळांभोवती ते दाट झाले तर मूळ पाणी घेण्याऐवजी स्वतःजवळचे गमावून बसते. पानांच्या कडा व टोके तपकिरी होणे, मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरी खपली धरणे, ही त्याची चिन्हे. बोअरवेलच्या जड पाण्यानेही अशी खपली येते. खताने असे झाले तर कुंडी मोरीत नेऊन तिच्या मापाच्या तीन-चार पट साधे पाणी हळूहळू ओतून निथळू द्यावे. युरिया घरातील कुंडीला घालूच नये. त्यात ४६ टक्के नत्र असते. तो एकरांच्या हिशेबाने टाकावयाचा पदार्थ आहे, कुंडीला चमचाभर जास्त झाला की झाड गेले.

झाड निरोगी आहे, उजेड बरा आहे, नवी पाने येत आहेत, मुळे पांढरी आहेत, पण वर्ष-दोन वर्षे मातीत काही घातलेले नाही, अशा झाडाला मात्र भूक खरी असते. पाण्याबरोबर कुंडीतील क्षार वाहून जातात आणि जमिनीसारखी तेथे नवी भर पडत नाही. भुकेची भाषा पानांवर वाचता येते. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोहाला असे हलविता येत नाही. म्हणून लोहाच्या कमतरतेत वरचे कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. (खालचे एखादे पान म्हातारपणानेही पिवळे होते. त्यासाठी कोणी दुकानात धावू नये.)

शेतीसेवा केंद्रात १९:१९:१९ या आकड्यांचे पाण्यात विरघळणारे खत मिळते. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण सांगतात. घरातील झाडांना एका लिटरला एक ग्रॅम पुरे. चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर एक चमचा ५ लिटरच्या बादलीला. माती आधी ओली असावी, आणि हे पाणी वाढीच्या काळात महिन्यातून एकदा द्यावे. थंडीत वाढ मंदावते तेव्हा बंद ठेवावे. ज्यांना पुडीचे खत नको त्यांनी दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. शेंगदाण्याच्या पेंडीचे आंबवलेले पाणी आणि जीवामृत ही खते शेतात व गच्चीवर चांगली, पण बंद खोलीत त्यांचा वास सोसत नाही. चहाचा चोथा घालावयाचा तर धुऊन. साखर-दुधासकट घातला की मुंग्यांची वसाहत होते.

१८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. झाडाची वाढ सर्वांत कमी असलेल्या घटकावर अडते, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो, जरी तो त्याच्याआधी श्प्रेंगेलने मांडला होता. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत राहते, असे त्याचे चित्र काढतात. घरातील झाडांच्या बाबतीत ती आखूड फळी बहुधा उजेडाची किंवा मुळांतील हवेची असते, आणि आपण खताची फळी उंच करीत राहतो.

जाता जाता एका लोकप्रिय समजुतीबद्दल. घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असे विक्रेते हमखास सांगतात आणि नासाचा दाखला देतात. नासाचा तो अभ्यास १९८९ चा असून तो बंदिस्त पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा घेतला, तेव्हा खोलीतील नेहमीच्या हवापालटाएवढा परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा खोलीत राहावयाला जागाच उरणार नाही! झाड डोळ्यांना बरे वाटते म्हणून ठेवावे, हे कारण मला पुरेसे वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर त्या घरी गेले होते. त्या ताईंच्या परवानगीने उरलेल्या पाच कुंड्या आम्ही ओट्यावर काढून पाहिल्या. दोन स्नेक प्लँटपैकी एकाची मुळे संपूर्ण कुजली होती, ते वाचण्यासारखे नव्हते; त्याच्या निरोगी पानाचे तुकडे करून वाळूत लावले. दुसरे ठीक होते. झेडझेडचे कंद टणक होते, त्याला फक्त कोरडी माती दिली. मनी प्लँट लहान कुंडीत गेली. रबराचे झाड कुजलेले नसून खरोखरीच उपाशी आणि मुळांनी जखडलेले निघाले. त्याला मोठी कुंडी मिळाली आणि आता तीन नवी पाने आली आहेत. पानाच्या तुकड्यांना अजून मुळे दिसत नाहीत. त्यांना महिने लागतात असे मामा म्हणतात. त्या घरी आता "रोज एक तांब्या" बंद झाला आहे. पाणी केव्हा घालावयाचे ते आई ठरविते. ती कुंडी एका काठाला धरून किंचित उचलते. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर पुढची कुंडी. यंत्रे विकत मिळतात, पण तिच्या हाताइतके ती खरे सांगत नाहीत, असे माझे मत आहे. कापलेले तीनशे रुपये परत मिळालेले नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवते.

आता आपल्या घरचे. ग्रंथालयाबाहेरील ओट्यावर सहा कुंड्या आहेत. स्नेहसंमेलनाच्या वेळी त्या सजतात, रंगविल्या जातात आणि मग वर्षभर त्यांच्यात उरलेल्या चहाचे घोट ओतले जातात. मी बोटाने माती तपासून पाहिली : चारांमध्ये काळी माती दगडासारखी बसली आहे आणि कडा सुटल्या आहेत, दोन कुंड्यांची भोके रंगाने बुजली आहेत. झाडे अद्याप जिवंत आहेत. भोके लोखंडी सळईने मोकळी करणे हे आजही होण्यासारखे आहे. माती बदलण्याचे काम जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर घ्यावे. मिश्रणाची चार पोती मामा मालकांना विचारून खरेदीच्या भावात देण्यास तयार आहेत. टेम्पोचे भाडे तेवढे आपल्याला वर्गणीतून उभे करावे लागेल. घमेले आणि खुरपे शिपाईकाकांच्या खोलीत आहे. ते मागितले की देतात, पण धुऊन परत करावे लागते.